स्लॅग दळून सिमेंटमध्ये टाकायचाय? बेरीज ८१ आणि स्ट्रेंथ ७९ टक्के, यावरून काही ठरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: धातूच्या भट्टीतून निघणारा काळा स्लॅग (धातू वेगळा काढल्यावर उरणारा मळ) आहे, खड्ड्यात ओतून मोकळ्या हवेत थंड होऊ दिलेला. तो दळला, एक्सआरएफ (मूलद्रव्यं मोजणारी एक्स-रे तपासणी) केलं, सिलिका ३४ टक्के, ॲल्युमिना ६, आयर्न ऑक्साइड ४१, चुना ८. पहिल्या तिघांची बेरीज ८१, म्हणजे राखेच्या स्टँडर्डमधल्या जुन्या ७० च्या अटीच्या वर. मग २० टक्के सिमेंट काढून तेवढा स्लॅग टाकून मॉर्टरचे क्यूब केले, २८ दिवसांना साध्या सिमेंटच्या ७९ टक्के स्ट्रेंथ आली, म्हणजे त्याच स्टँडर्डमधल्या ७५ च्या वर. दोन्ही ठिकाणी पास, मग हा माल सिमेंटला पर्याय म्हणून द्यायला हरकत काय?

हरकत आहे, आणि बऱ्यापैकी मोठी आहे. या दोन आकड्यांवरून तुमचा स्लॅग सिमेंटमध्ये काही काम करतोय असं सिद्धच होत नाही. साधी क्वार्ट्झची वाळू सिमेंटइतकी बारीक दळून टाकली असती तरी स्ट्रेंथ याच्या आसपासच आली असती. आता हे असं का, आणि मग टेस्ट कुठल्या आणि कुठल्या क्रमाने करायच्या, ते जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न वेगवेगळ्या राखा आणि वेगवेगळे स्लॅग घेऊन लोक सारखे विचारतात आणि प्रत्येकाच्या हातात हेच दोन कागद असतात.

आधी एक्सआरएफ. ते मशीन नमुन्यात कुठलं मूलद्रव्य किती आहे एवढंच मोजतं आणि रिपोर्टमध्ये ऑक्साइड म्हणून लिहून देतं, ते मूलद्रव्य आत कुठल्या रूपात बसलंय याचा त्याला पत्ता नसतो. क्वार्ट्झच्या वाळूत सिलिका ९८-९९ टक्के असते पण ती नेहमीच्या तापमानाला चुन्याला ढिम्म दाद देत नाही, आणि सिलिका फ्यूममध्ये पण सिलिकाच असते, ८५ टक्क्यांच्या वर, पण ती काचेसारखी अस्ताव्यस्त रचनेची आणि कण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याइतके, त्यामुळे ती चुना अक्षरशः खाऊन टाकते. एक्सआरएफला दोन्ही सारखेच, सब घोडे बारा टक्के. दुसरं म्हणजे तुमच्या ८१ मध्ये निम्म्याहून जास्त लोह आहे. बेरजेची ही अट मुळात कोळशाच्या राखेसाठी आली, तिथे लोह सहसा थोडं असतं म्हणून ते बेरजेत धरलं तरी फारसं बिघडत नव्हतं, पण चुन्याशी रिॲक्ट होऊन बाइंडर तयार करायचं काम मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना करतात, ते तुमच्याकडे मिळून ४० टक्के. आणि ही बेरीज आता त्या स्टँडर्डमध्येही तेवढी मोठी राहिली नाहीये, एएसटीएम सी६१८ ने (राखेसाठीचं अमेरिकी स्टँडर्ड) २०१९ मध्ये क्लास एफ आणि क्लास सी राखेतला फरक चुन्याच्या टक्केवारीवर नेला (१८ पर्यंत एफ, त्याच्या वर सी) आणि बेरीज दोघांनाही किमान ५० एवढीच ठेवली. शिवाय ते स्टँडर्ड कोळशाची राख आणि नैसर्गिक पोझोलान (पाण्यात चुन्याशी रिॲक्ट होऊन घट्ट होणारा माल) यांच्यासाठी आहे, तुमचा माल त्यात बसतच नाही, त्यामुळे ‘सी६१८ पास’ असं लिहिणंच चूक आहे.

जाता जाता एक, भरपूर लोहाचा स्लॅग असला की लॉस ऑन इग्निशन (तापवल्यावर वजनात येणारी घट) बघून दचकू नका. त्यातलं बरंचसं लोह फेरस (अजून ऑक्सिजन घेऊ शकणारं) असतं, भट्टीत तापवलं की ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि नमुन्याचं वजन घटायच्या ऐवजी वाढतं. काही लॅब हा उणे आकडा सरळ शून्य म्हणून छापतात. शून्य छापलं असेल तर विचारून घ्या, कारण आत कार्बन असेल तर तो या वाढीखाली झाकला जाऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट, काच. वितळलेला स्लॅग एकदम पाण्याच्या फवाऱ्यात सोडला तर अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही, तो काचेच्या रूपात गोठतो आणि नंतर अल्कलाइन पाण्यात विरघळू शकतो. तोच स्लॅग हळूहळू थंड झाला की नीट स्फटिक बनतात आणि बहुतेक स्फटिक आळशी असतात. पोलाद उद्योगातला ब्लास्ट फर्नेस स्लॅग सिमेंटमध्ये इतका चालतो तो याच कारणाने, त्याची केमिस्ट्री चांगली आहे हे खरं, पण हवेत थंड केलेला तोच स्लॅग खडी म्हणून वापरतात, बाइंडर म्हणून नाही. युरोपच्या ईएन १५१६७ या स्टँडर्डमध्ये दळलेल्या ग्रॅन्युलेटेड स्लॅगमध्ये काच किमान दोन तृतीयांश असावी अशी स्पष्ट अट आहे. तुमचा स्लॅग खड्ड्यात थंड झालाय म्हटल्यावर आणि लोह-सिलिका एवढं म्हटल्यावर मला तरी त्यात मुख्यतः फायालाइट (लोह आणि सिलिकाचं स्फटिक) दिसेल असं वाटतं, आणि फायालाइट सिमेंटमध्ये बसून राहतं, बाकी काही नाही.

हे अंदाजावर सोडायचं नाही, एक्सआरडी (आत कुठले स्फटिक आहेत ते दाखवणारी एक्स-रे टेस्ट) करायचं. फ्लाय ॲश असेल तर पॅटर्नमध्ये साधारण २० ते ३० अंशांमध्ये (तांब्याच्या ट्यूबवर) एक पसरट उंचवटा दिसतो, कॅल्शियमवाल्या स्लॅगमध्ये तो ३० च्या आसपास सरकतो, तो उंचवटा म्हणजे काच. उंचवटा नाही आणि नुसते टोकदार पीक असतील तर अर्धी गोष्ट तिथेच संपली. पण नजरेने ‘बऱ्यापैकी अमॉर्फस दिसतंय’ असं लिहू नका, नमुन्यात माहीत असलेल्या वजनाचं कोरंडम किंवा रुटाइल मिसळून रिटव्हेल्ड (पॅटर्नवरून प्रत्येक घटकाचं प्रमाण काढायची गणिती पद्धत) करून घ्या म्हणजे काचेचा आकडा मिळतो. लोह जास्त असेल तर अजून एक भानगड असते, तांब्याच्या ट्यूबने लोह स्वतः चमकायला लागतं, बॅकग्राउंड वर उचलला जातो आणि तो नवख्या माणसाला काचेसारखा वाटतो. लॅबकडे कोबाल्टची ट्यूब असेल तर ती मागा. आणि काच आहे म्हणजे ती रिॲक्टिव्ह आहेच असंही नाही, काचेत काय काय आहे त्यावर ते ठरतं, म्हणून एक्सआरडी हा फक्त चाळणीचा पहिला टप्पा.

मग स्ट्रेंथचा ७९ टक्के. साधा हिशोब बघा, सिमेंट २० टक्के काढलं, उरलं ८०, स्ट्रेंथ आली ७९. म्हणजे स्लॅगने स्वतःचं काय योगदान दिलं? स्ट्रेंथ आणि सिमेंटचं नातं इतकं सरळ रेषेत नसतं हे मान्य, पण निष्क्रिय बारीक पावडर टाकली तरी दोन गोष्टी होतात, सिमेंटच्या कणांना तेवढ्यात जास्त पाणी आणि जागा मिळते, आणि पावडरच्या पृष्ठभागावर हायड्रेट (सिमेंट आणि पाण्याच्या रिॲक्शनचे पदार्थ) चिकटायला जागा मिळते, त्यामुळे सुरुवातीची रिॲक्शन उलट थोडी भरभर होते. यालाच फिलर इफेक्ट म्हणतात. म्हणून २० टक्के रिप्लेसमेंटवर ७५ ची रेघ ही निष्क्रिय मालालाही ओलांडता येते, आणि हे जगभरच्या लॅबमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यात काही पद्धतींत पाणी कायम ठेवतात आणि काहींत मॉर्टरचा फ्लो जुळेपर्यंत पाणी बदलतात, तुमचा स्लॅग पाणी कमी मागत असेल तर मग पाणी कमी झाल्याची स्ट्रेंथ पण स्लॅगच्या खात्यावर जमा होते.

याला उपाय महाग नाहीये. प्रत्येक वेळी तीन सेट करा: साधं सिमेंट, सिमेंट अधिक तुमचा माल, आणि सिमेंट अधिक तितकीच बारीक दळलेली क्वार्ट्झ. तितकीच बारीक म्हणजे खरंच तितकीच, लेझर डिफ्रॅक्शनवर कणांच्या आकाराचा वक्र जुळला पाहिजे, नुसता ब्लेनचा (हवा झिरपवून बारीकपणा मोजण्याचा) आकडा जुळवून भागत नाही कारण कण सच्छिद्र असले किंवा कार्बन असला की ब्लेन वाट्टेल ते दाखवतो. तुमचा माल आणि क्वार्ट्झ यांच्यातला फरक २८ आणि ९० दिवसांना वाढत जात असेल तर तो माल काम करतोय, दोघं हातात हात घालून चालले असतील तर तुम्ही फिलर विकताय. फिलर विकण्यात वाईट काही नाही, चुनखडीची पावडर लाखो टन विकली जाते, फक्त त्याला पोझोलान म्हणू नका. आणि माझं सरळ मत आहे की २० टक्क्यांवर थांबू नका, ३० किंवा ४० टक्क्यांवर एक सेट करा, तिथे निष्क्रिय मालाचं पितळ लगेच उघडं पडतं. स्लॅगच्या स्टँडर्डमध्ये ॲक्टिव्हिटी ५० टक्के रिप्लेसमेंटवर मोजतात ते उगाच नाही.

दळण्याबद्दल पण सांगतो. लॅबमधल्या रिंग मिलमध्ये कुठलाही माल दोन मिनिटांत पीठ होतो, आणि फार जोरात दळलं की स्फटिकाचा पृष्ठभाग मोडून थोडा अमॉर्फस पण होतो, मग रिॲक्टिव्हिटी छान येते. कारखान्यातल्या बॉल मिलमध्ये तसं होणार नाही. लोहाचा स्लॅग तर दळायला फारच कठीण. त्यामुळे लॅबमध्ये ज्या बारीकपणावर निकाल चांगला आला तो बारीकपणा प्रत्यक्षात किती विजेत मिळेल हे आधीच विचारा, नाहीतर सिमेंट वाचवायला गेलो आणि वीज जाळून बसलो असं व्हायचं.

आता ज्या टेस्टवर मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो ती म्हणजे आर-थ्री. ही २०१६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल विद्यापीठात भाजलेल्या चिकणमातीसाठी तयार झाली, मग रायलेम या बांधकाम साहित्याच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संघटनेच्या कमिटीने वेगवेगळ्या लॅबमध्ये वेगवेगळ्या मालांवर तपासली आणि २०२० मध्ये एएसटीएम सी१८९७ म्हणून आली. यातली गंमत अशी की यात सिमेंटच नसतं, त्यामुळे सिमेंटच्या हायड्रेशनचा गोंगाट नाही आणि फिलर इफेक्टचा घोळ नाही. एक भाग तुमचा माल, तीन भाग कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अर्धा भाग कॅल्शियम कार्बोनेट, आणि पाण्यात थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम सल्फेट, म्हणजे सिमेंटच्या छिद्रांमधल्या पाण्यासारखं वातावरण. ग्रॅममध्ये साधारण ११.१ माल, ३३.३ चुना, ५.६ कार्बोनेट आणि ६० ग्रॅम द्रावण. हे सगळं ४० अंशांवर सात दिवस ठेवायचं आणि दोनपैकी एक गोष्ट मोजायची, किती उष्णता निघाली किंवा किती पाणी बांधलं गेलं.

उष्णतेसाठी आयसोथर्मल कॅलरीमीटर लागतो, तो सगळीकडे नसतो. बांधलेल्या पाण्याची पद्धत मात्र ओव्हन आणि मफल फर्नेस असलेल्या कुठल्याही लॅबमध्ये होते: सात दिवसांनी पेस्ट फोडून बारीक करायची, आधी ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची, मग ३५० अंशांवर दोन तास ठेवायची आणि वजनातली घट बघायची. ३५० च का, तर तिथपर्यंत नवीन बनलेल्या हायड्रेटमधलं पाणी बरंचसं निघून जातं पण उरलेला कॅल्शियम हायड्रॉक्साइड अजून फुटत नाही, तो ४०० च्या पुढे फुटतो. सोबत क्वार्ट्झ आणि एखादा ओळखीचा चांगला स्लॅग याच बॅचमध्ये लावा म्हणजे तुमच्या ओव्हनचा चढउतार पण कळतो.

उष्णतेचे आकडे ढोबळ मानाने, एका ग्रॅम मालामागे: क्वार्ट्झ शंभर ज्यूलच्या बरीच खाली घुटमळते, सिलिकावाली फ्लाय ॲश दीडशे ते तीनशेच्या पट्ट्यात, चांगला ब्लास्ट फर्नेस स्लॅग चारशेच्या वर, मेटाकाओलिन (भाजलेली काओलिन माती) आठशेच्याही पुढे. तुमचा माल क्वार्ट्झच्या शेजारी बसला तर सात दिवसांत निकाल लागला, नव्वद दिवस क्यूब पाण्यात बुडवून वाट बघायची गरज नाही. मला ही टेस्ट आवडते ती यासाठीच, ती लवकर ‘नाही’ म्हणते.

फ्राटिनी आणि मॉडिफाइड शापेल या माल चुना किती खातो ते बघायच्या टेस्ट पण चालतात. फ्राटिनीत २० ग्रॅम मिश्र सिमेंट १०० मिली पाण्यात ४० अंशांवर आठ किंवा पंधरा दिवस ठेवून पाण्यातला कॅल्शियम आणि हायड्रॉक्सिल टायट्रेट करतात आणि बिंदू विद्राव्यतेच्या रेघेखाली पडला की माल चुना खातोय. होकार-नकारासाठी ठीक, पण किती चुना खातोय हे नीट सांगत नाही. शापेलमध्ये १ ग्रॅम माल आणि २ ग्रॅम कळीचा चुना ९० अंशांवर १६ तास, झटपट आहे, पण ९० अंशांवर पाणीच पाणी असलेल्या डब्यात जे होतं ते स्लॅबमध्ये होत नाही, आणि स्लॅगसारख्या मालात आधीच स्वतःचा कॅल्शियम असतो त्यामुळे तिथे ती गोंधळते. आयएस १७२७ मधली लाइम रिॲक्टिव्हिटी ज्यांच्याकडे सेटअप आहे त्यांनी करावी, ५० अंशांवर दहा दिवसांत क्यूबची स्ट्रेंथ देते, जुनी पण प्रामाणिक टेस्ट आहे. टीजीए (तापवत तापवत वजन मोजणारं मशीन) असेल तर सिमेंटच्या पेस्टमध्ये ४०० ते ५०० अंशांमधली घट ४.११ ने गुणून उरलेला कॅल्शियम हायड्रॉक्साइड काढता येतो, फक्त कार्बोनेट झालेला हिस्सा परत मिळवायला विसरू नका आणि आकडा सिमेंटच्या वजनावर आणा, पेस्टच्या नाही, नाहीतर डायल्यूशनलाच तुम्ही रिॲक्शन समजाल.

हे सगळं झालं रिॲक्टिव्हिटीचं. पण खरं सांगायचं तर बरेच औद्योगिक अवशेष रिॲक्टिव्हिटीवर नापास होत नाहीत, ते दुसऱ्याच कशाने मरतात, आणि त्या टेस्ट स्वस्त आहेत, म्हणून त्या आधी करायच्या.

धातूरूप ॲल्युमिनियम ही सगळ्यात फसवी गोष्ट. शहरी कचरा जाळून उरलेली तळराख, ॲल्युमिनियमच्या भट्टीचा ड्रॉस (वितळलेल्या धातूवर साचणारा मळ), यात ते बारीक तुकड्यांच्या रूपात असतं आणि एक्सआरएफ त्याला ॲल्युमिना म्हणून मोजून तुमची बेरीजच वाढवतं. सिमेंटच्या अल्कलीत ते हायड्रोजन सोडतं, एका ग्रॅममागे साधारण सव्वा लिटर, म्हणजे मॉर्टर मोल्डमध्येच पावासारखा फुगतो आणि आतून पोकळ होतो. टेस्ट सोपी: नमुना सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाका, उलटा केलेला मोजपात्राचा सेटअप लावा आणि गॅस किती जमला ते बघा. हवा खेळती ठेवा आणि जवळ आग नको, हे सांगायची गरज पडू नये पण सांगतो. हाच ॲल्युमिनियम आर-थ्रीमध्ये भरपूर उष्णता पण दाखवतो, म्हणून ही टेस्ट त्याच्या आधी.

मग फुगण्याचा प्रश्न. पोलादाच्या कन्व्हर्टरच्या स्लॅगमध्ये फ्री लाइम (मोकळा चुना) आणि कधी पेरिक्लेज (मोकळा, स्फटिकरूप मॅग्नेशिया) असतं. चुन्याचं हायड्रॉक्साइड झालं की आकारमान जवळपास दुप्पट होतं, आणि जास्त भाजलेला चुना किंवा मॅग्नेशिया हे महिन्यांनी, कधी वर्षांनी करतो, तोपर्यंत फरशी बसवून बिल पण निघालेलं असतं. ल शातेलिए साच्याची उकळून केलेली टेस्ट चुन्याला पकडते पण मॅग्नेशियाला नाही, त्यासाठी ऑटोक्लेव्हच पाहिजे, २ मेगापास्कल दाबाखाली तीन तास. मॅग्नेशियम एक्सआरएफमध्ये जास्त दिसलं तर लगेच घाबरू नका, काचेत अडकलेलं मॅग्नेशियम निरुपद्रवी असतं, मोकळं पेरिक्लेज आहे का ते एक्सआरडीत बघा. लॅडल स्लॅग आपोआप पीठ होऊन पडतो ते बघून लोक खूश होतात की दळायचा खर्च वाचला, पण ते पीठ होतं कारण डायकॅल्शियम सिलिकेट थंड होताना बीटामधून गॅमा रूपात जातं आणि आकाराने वाढतं, आणि गॅमा रूप पाण्याला जवळजवळ दाद देत नाही.

क्लोराइड आणि अल्कली यांना क्षमा नाही. कचरा जाळल्यावर वर उडणाऱ्या राखेत आणि सिमेंट भट्टीच्या बायपास धुळीत क्लोराइड इतकं असू शकतं की आत सळई असलेल्या काँक्रीटमध्ये ते वापरायचा विचारच सोडावा, धुऊन काढलं तर धुतलेल्या पाण्याचं काय हा नवा प्रश्न. रेड मडमध्ये (बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लाल चिखल) सोडा मुरलेला असतो, भिंतीवर लोणा येतो, आणि खडी रिॲक्टिव्ह असेल तर अल्कली-सिलिका रिॲक्शनला (अल्कलीमुळे खडी फुगून काँक्रीटला तडे जाणं) खतपाणी. सल्फेट फॉस्फोजिप्सममध्ये (फॉस्फेट खताच्या कारखान्यातला जिप्सम) आणि फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरच्या राखेत. जस्त, शिसं, फॉस्फेट आणि सेंद्रिय पदार्थ सेटिंग लांबवतात, जस्त तर थोडंसं असलं तरी दुसऱ्या दिवशी मोल्ड उघडायला जावं आणि आत अजून ओलं असावं असं करतं. यासाठी कॅलरीमीटरचा पहिल्या तीन दिवसांचा वक्र नाहीतर सेटिंग मोजणारी साधी व्हिकॅटची सुई. तुमचा स्लॅग धातूच्या भट्टीचा आहे त्यामुळे जस्त आणि शिसं याचे आकडे एक्सआरएफमधून पुन्हा काढून बघा, तुम्ही मोठे ऑक्साइडच दिलेत.

न जळलेला कार्बन राखांमध्ये असतो, तो पाणी पितो आणि एअर एंट्रेनिंग केमिकल (काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे धरणारं) शोषतो. दोन राखांचा लॉस ऑन इग्निशन सारखा असून फोम इंडेक्स (ते केमिकल किती शोषलं जातं त्याचा आकडा) पूर्ण वेगळा येऊ शकतो कारण कार्बनचा प्रकार वेगळा. पॉवर प्लांटच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला अमोनिया फवारलेला असेल तर राखेत तो चिकटून येतो, मिक्सरमध्ये पाणी पडलं की वास सुटतो, बंद जागेत काम करणाऱ्याला फार त्रास.

लीचिंगबद्दल, म्हणजे विषारी धातू पाण्यात झिरपण्याबद्दल. एकच टीसीएलपीचा रिपोर्ट लावून ‘सुरक्षित’ असं लिहितात ते मला पटत नाही. ती टेस्ट ॲसिटिक ॲसिडची आहे, कचरा डेपोत काय होईल ते बघायला बनवलेली, एकास वीस प्रमाण, १८ तास. तुमचा माल जाणार १३ च्या आसपासच्या पीएचमध्ये. शिसं आणि जस्त आम्लात पण विरघळतं आणि तीव्र अल्कलीत पण, आणि क्रोमियम सहा, आर्सेनिक, मॉलिब्डेनम, सेलेनियम यांचं तर अल्कलीत जास्त फावतं. म्हणून वेगवेगळ्या पीएचवर करा, आणि नुसत्या पावडरवर नाही तर २८ दिवसांच्या तयार मॉर्टरवर, शिवाय तेच मॉर्टर फोडून पण, कारण कधीतरी ती इमारत पाडली जाणार आणि त्याचा भुगा कुठेतरी भरावात जाणार. मॉर्टरचे ठोकळे चांगले वागले आणि भुगा वाईट वागला तर तोही निकालच आहे. फॉस्फोजिप्सम, रेड मड, काही राखा यांच्यासाठी किरणोत्सर्गाची गॅमा मोजणीही करून घ्या, युरोपात रेडियम भागिले ३००, थोरियम भागिले २००, पोटॅशियम भागिले ३००० यांची बेरीज करून ती १ च्या खाली आहे का ते बघतात, बेकरेल प्रति किलोमध्ये. तुमच्या देशातल्या मर्यादा वेगळ्या असतील त्या लावा.

आणि आता ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते, नमुना. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एका भांड्यात एकत्र शिजतो म्हणून, औद्योगिक ढीग तसा शिजलेला नसतो. धातूच्या प्लांटला स्लॅग हा प्रॉडक्ट नसतो, त्यांना धातू पाहिजे, त्यामुळे कच्चा माल बदलला, फ्लक्स बदलला, शिफ्ट बदलली की स्लॅग बदलतो आणि तुम्हाला कुणी फोन करून सांगत नाही. ढिगाच्या वरून एक पोतं भरून आणलं तर तुम्ही त्या पोत्याचा अभ्यास केलात. निदान काही महिने, दर आठवड्याला चालू प्रवाहातून नमुना घ्या, प्रत्येक वेळी चतकोर पद्धतीने किंवा रिफलरने (नमुना सारखा वाटणारं साधन) वाटून छोटा करा, प्रत्येकावर एक्सआरएफ आणि बारीकपणा, आणि निवडकांवर एक्सआरडी आणि आर-थ्री. सरासरीपेक्षा मी पसारा बघतो. मध्यम रिॲक्टिव्हिटीचा पण रोज सारखा माल रेडीमिक्सवाल्याला चालतो, कधी उत्तम कधी भिकार असा माल कुणीच घेणार नाही. जुन्या ढिगातला माल असेल तर तो किती दिवस पावसात होता तेही लिहून ठेवा, फ्री लाइम कमी झालेला असतो हे चांगलं, पण रिॲक्टिव्ह काचही थोडी आधीच खर्ची पडलेली असते.

हे सगळं पार झालं तरच काँक्रीट. तिथे पाण्याची मागणी, सुपरप्लास्टिसायझरशी (कमी पाण्यात मिक्स पातळ ठेवणारं केमिकल) जमतं का, आणि मग ड्युरेबिलिटी: क्लोराइड शिरणं, सल्फेट, अल्कली-सिलिकासाठी मॉर्टर बारची ८० अंशांवरची १४ दिवसांची टेस्ट (०.१० टक्क्यांच्या आत वाढ पाहिजे), आणि कार्बोनेशन. कार्बोनेशन मुद्दाम बघा कारण क्लिंकर (सिमेंटचा भाजून केलेला मुख्य घटक) कमी केलं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड कमी, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो, क्लोराइडला उत्तम असलेलं मिक्स इथे मार खाऊ शकतं. आणि लॅबमध्ये २८ दिवस पाण्यात ठेवलेला क्यूब आणि साइटवर तीन दिवस कसंबसं पाणी मारलेला स्लॅब यांची तुलना करू नका, पोझोलानला ओलावा जास्त दिवस लागतो, म्हणून एक सेट मुद्दाम कमी क्युअरिंगचा ठेवा.

आता तुमच्या मालाबद्दल. हवेत थंड केलेला, लोहाचा, क्वार्ट्झची तुलना न केलेला, ७९ टक्के. माझा अंदाज फिलरचा आहे. तुम्ही पुढचे पैसे स्ट्रेंथवर घालू नका, आधी एक्सआरडी आणि आर-थ्रीचं बांधलेलं पाणी एवढंच करा, दोन आठवड्यांत कळेल. आकडा क्वार्ट्झजवळ आला तर प्लांटला विचारा की वितळलेला स्लॅग पाण्यात ग्रॅन्युलेट करता येईल का, तसा नमुना बादलीभर जरी मिळाला तरी तुलना करता येते (हे काम त्यांच्याच माणसांना करू द्या, वितळलेल्या मालात पाणी अडकलं तर स्फोट होतो). ग्रॅन्युलेट करूनही लोहाचा स्लॅग ब्लास्ट फर्नेस स्लॅगच्या जवळ जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, त्यात कॅल्शियमच कमी आहे, पण कमकुवत पोझोलान म्हणून १५-२० टक्क्यांना तो उभा राहू शकतो. तेही नाही जमलं तर न दळता वाळूच्या जागी काही प्रमाणात टाकणं किंवा सँडब्लास्टिंगचा ग्रिट, तांब्याचा स्लॅग या दोन्ही कामांत वापरला जातो. क्लिंकर वाचवलं तर टनामागे नुसत्या चुनखडीतूनच निघणारा अर्ध्या टनाच्या आसपासचा कार्बन डायऑक्साइड वाचतो, इंधनाचा वेगळा, पण वाळूच्या जागी वापरला तर हा फायदा मिळत नाही, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, लोक दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात टाकतात.

पुढे काही विचारायचं असेल तर एक्सआरडीची कच्ची फाइल, लेझर डिफ्रॅक्शनचा वक्र, एक्सआरएफमधले जस्त, शिसं, क्लोरीन आणि गंधकाचे आकडे, आणि स्लॅग ओतल्यापासून उचलेपर्यंत नेमकं काय होतं त्याचं चार ओळींत वर्णन द्या, त्याशिवाय याच्या पुढे मला काही सांगता येणार नाही.